ओल्या बंड्यांचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या गल्लीत कूलर उतरवतात. माळ्यावरून, गच्चीवरून, जिन्याखालून लोखंडी पेट्या बाहेर येतात. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून फेकतात, नवं भरतात, आणि पंप पहिल्यांदा सुरू केला की तो वास येतो. ओल्या गवताचा, गंजक्या पत्र्याचा, थोडासा शेवाळाचा. दिग्रसमध्ये कुणालाही विचारा, हा वास आला की बरं वाटतं. परीक्षा संपत आल्या, आंबे येतील, पाहुणे येतील. मला मात्र तो वास नकोसा होतो.

यंदाही झाला. शेजारचे काका कूलरमध्ये पाइपने पाणी सोडत होते. मला पाहून म्हणाले, "समता, औंदा लवकरच तापायले लागलं बाप्पा." मी हसले, घरात आले आणि तन्मयच्या मानेला हात लावला. तन्मय म्हणजे माझ्या दादाचा मुलगा, सहा वर्षांचा. तो फरशीवर पालथा पडून खेळण्यातल्या ट्रकचं चाक काढत होता. मान कोमट होती. कोमट म्हणजे ठीक. कोमट आणि गरम यांच्या मधली जागा मला हाताच्या मागच्या बाजूने कळते. आमच्या घरातल्या प्रत्येकाला कळते. बाकीच्या घरांत मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात तो मायेने. आमच्याकडे तो हात आधी तपासतो आणि मग माया करतो.

तन्मयला घाम येत नाही.

हे वाक्य मी इतक्या लोकांना, इतक्या वेळा सांगितलं आहे की ते आता मला एखाद्या पत्रकाच्या मथळ्यासारखं ऐकू येतं. पत्रकं मला नवी नाहीत. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटल्यावर संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात देवांच्या तसबिरी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'मागण्या' हा शब्द मला 'मामा'च्या आधी वाचता आला. पत्रकाची एक रीत असते. वर अन्याय, मधे तो करणारा, खाली मागण्या. वयाची वीस वर्षं उलटून गेल्यावरही मी जगातलं प्रत्येक दुःख असंच मांडून पाहायचे आणि बहुतेक वेळा ते मांडता यायचं. तन्मयचं आलं नाही. वरचा भाग लिहून व्हायचा. मधे कुणाचं नाव घालायचं, ते कळायचं नाही.

पहिले उन्हाळे आम्ही नुसते तापाचे समजलो. पोराला उन्हाळ्यात ताप येतो, दात यायला उशीर होतो आहे, केस विरळ आहेत, होईल सगळं नीट. तापाची औषधं झाली, रक्त तपासून झालं. मग नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांनी त्याला नुसतं बघितलं. उशिरा आलेले ते टोकदार दोन दात बघितले, कोरडी पाठ बघितली आणि म्हणाले, याच्या अंगात घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. याचं शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. ते काम तुम्हाला करावं लागेल.

"औषध?" वहिनीने विचारलं.

"पाणी. सावली. पातळ सुती कपडे, तेही ओले."

"किती दिवस?"

डॉक्टर चांगले होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे दिवसांचं नाही ताई. प्रत्येक उन्हाळ्याचं आहे."

परतीच्या एसटीत दादा बाटलीतलं पाणी रुमालावर ओतत होता आणि तो रुमाल तन्मयच्या छातीवर ठेवत होता. बाहेर पळस फुललेला होता. तो सगळा रस्ता मी कितीदा तरी पळसाकडे बघत गेलेली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो जळणारा दिसला.

तो चार वर्षांचा होता तो उन्हाळा. ओल्या बंड्यांचा उन्हाळा मी म्हणते तो हाच.

कपडे आणायला आम्ही दोघी बाजारात गेलो होतो, वहिनी आणि मी. तिथे मला पहिला राग आला. हा जिल्हा कापसाचा. हंगामात आमच्या रस्त्यांवर बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले असतात, जिनिंग कारखान्याच्या बाजूने गेलं की केसांत तंतू येतात. आणि त्याच गावात चार वर्षांच्या मुलासाठी एक निखळ सुती सदरा मिळेना. दुकानदार चमकणारे, घसरणारे, कार्टून छापलेले कपडे काउंटरवर टाकत होता.

"हे घ्या ना मॅडम, एकदम गर्मीचं आहे."

"हे प्लास्टिक आहे," मी म्हटलं.

"प्लास्टिक काहून म्हन्ता? लोक लग्नात घालून राह्यले."

"लोकांना घाम येतो भाऊ."

त्याला काही कळलं नाही. वहिनीने मला बाहेर ओढलं. "त्याच्यासंग कायले भांडतेस? तो का कारखाना चालवते?" वहिनीचं माहेर नेरचं, शेतीवाल्या घरातलं. चिडली की तिची बोली घट्ट होते. मी मात्र पूर्ण रस्ता बोलत राहिले, कापूस इथून जातो कुठे आणि परत येतो काय होऊन. ती ऐकत नव्हती. ती प्रत्येक दुकानाच्या दारातली सावली मोजत होती, उद्या तन्मयला घेऊन इथून जायचं झालं तर कुठे कुठे थांबता येईल म्हणून.

मग आम्ही शिवायचं ठरवलं. आईचं पायडलचं मशीन होतं. मला शिवता येत होतं, फार नाही, पण सरळ टीप मारता येत होती. भीतीने बाकीचं शिकवलं.

मलमल आणली. पांढरी, आकाशी आणि फिकट पिवळी, तीनच रंग, सगळे हलके. बाबांचे जुने पंचे काढले, कारण वर्षानुवर्षं धुतलेल्या सुतासारखं पाणी दुसरं काही धरत नाही. सगळं कापड आधी भिजवून, वाळवून घेतलं, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल. मग बेतायला बसलो आणि तेव्हा लक्षात आलं की आपण मुलाचे कपडे बेततच नाही आहोत. आपण घाबरलेल्या माणसासाठी कपडे बेतत आहोत. तन्मय तापायला लागेल तेव्हा त्याच्याजवळ जो कुणी असेल, आई, बाबा, शेजारच्या काकू, अंगणवाडीच्या ताई, त्याचे हात कापत असणार. त्या हातांना जोडी शोधायला लावायची नाही. कुठल्याही चड्डीवर कुठलीही बंडी चालली पाहिजे. बंडीला पुढचं आणि मागचं एकच पाहिजे, म्हणजे उलटी घातली असं होणारच नाही. शिवण अशी दुमडायची की आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारखीच. डोक्यातून घालायची नाही, खांद्यावर नाड्या बांधायच्या, म्हणजे मूल आडवं पडलेलं असलं तरी अंगावर टाकता येईल. बगला ढगळ, म्हणजे वारा शिरेल. कमरेला इलॅस्टिक नाही, कारण ओलं इलॅस्टिक कातडी सोलतं. तिथेही नाडीच.

तन्मयची बहीण जुई तेव्हा सात वर्षांची होती. तिचे झगे मी त्याच कापडाचे, त्याच बेताचे शिवले, फक्त लांब. तिचा झगा त्याच्या अंगावर चालेल आणि त्याची बंडी तिला चड्डीवर. मला त्यात समतेचं तत्त्व दिसत होतं. एका घरात एक पोरगं वेगळं दिसू नये. वहिनीला इतकंच दिसत होतं की धुणं वाळलं नाही तर पोराला बहिणीचं घालता येईल. आम्ही दोघी एकच कापड दोन कारणांनी कापत होतो.

आई वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "खिसा?"

"खिसा कशाला आई? चार वर्षांचं पोर. काय ठेवणार?"

"कांदा."

उन्हात जाताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि आमच्या घरी ते बोलायची चोरी. बाबांनी अंधश्रद्धेवरही पत्रक काढलेलं होतं. मी त्यातलं म्हणून दाखवलं.

"बरोबर आहे तुझं," आई म्हणाली. "पण कांद्यानं काय पोराचं बिघडते? खिसा लाव."

"नाही लावणार."

"मग मी हातानं शिवतो."

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "लाव बाई एक खिसा. ओला खिसा काय, थंडच राहील." त्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला धक्काच बसला. नंतर समजलं, तेही घाबरले होते. भ्यालेल्या माणसाचं तत्त्व आधी थोडं सैल होतं आणि मग तो त्याला कारण शोधतो. मी खिसे लावले. सगळ्या बंड्यांना.

तो उन्हाळा मला ओळीने आठवत नाही. तुकड्यातुकड्यांनी आठवतो. न्हाणीतली बादली आणि तिच्यात बुडालेल्या बंड्या. दोरीवर पांढरं, आकाशी, पिवळं आणि त्याच्यापलीकडे अंगणातला कडुनिंब, पान हलत नाही असा. पिळताना हाताला लागणारा गारवा, आणि तीच बंडी काढताना हाताला लागणारी ऊब. ती ऊब त्याच्या अंगातली होती, आम्ही बाहेर काढलेली. ओली बंडी घातली की तन्मय दचकायचा, खांदे वर घ्यायचा आणि मग हसायचा. ते दोन दात. मला ते हसू नुसतं बघायचं असायचं, पण मी त्याच वेळी त्याचे गाल किती लाल आहेत ते बघत असायचे.

दुपारी लाईन जायची. पंखा थांबताना जो आवाज करतो, हळू होत जाणारा, तो आवाज ऐकला की आमच्या घरातली चारही मोठी माणसं उठून उभी राहायची. एकमेकांना काही न सांगता. दादा कामावरून फोन करायचा, "लाईन आहे का?" बस, एवढंच. पोरगं कसं आहे हे तो विचारायचाच नाही. विचारायची हिंमत नसायची त्याची. आई ताटाने वारा घालायची. बंडी वाळायला किती वेळ लागतो त्यावरून आम्ही ऊन ओळखायला शिकलो. चैत्रात ती पोटाशी ओली राहायची. वैशाखात खांद्यावरची नाडी बांधेपर्यंत पाठ सुकू लागायची.

आणि सगळं गाव आनंदात होतं, याचा मला फार राग यायचा. लग्नांचे बँड वाजत होते, भर दुपारी वरात निघत होती, घोड्यावरच्या नवरदेवाच्या तोंडावरून घाम ओघळत होता. मी खिडकीतून त्या घामाकडे बघायचे. किती सहज येत होता तो. किती उधळत होते लोक.

ताप आला तो त्याच वैशाखात. साधा ताप, सर्दीचा. तोवर आम्ही बाहेरच्या उन्हाला ओळखत होतो. आतून येणाऱ्या उन्हाचं काय करायचं हे माहीत नव्हतं. वहिनीची आई नेरहून आलेली होती. मुलं त्यांना नेरच्या आजी म्हणायची, म्हणून मीही. मोठी प्रेमळ बाई. आल्याबरोबर पिशवीतून कुरड्या आणि मुरमुऱ्याचे लाडू काढले आणि ओल्या बंडीतल्या नातवाकडे बघून कपाळाला हात लावला. वहिनीने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यात किती अंतर असतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

त्या दुपारी आई-बाबा आणि वहिनी बँकेत गेले होते. लाईन गेली. मी कोपऱ्यावरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणायला धावत गेले. घरी आजी होत्या, जुई होती. बर्फ घेऊन येते तर तन्मय पलंगावर कुठे दिसेना. पलंगावर गोधडी होती. गोधडीवर सोलापुरी चादर होती. आजी बाजूला बसून गोधडीच्या कडा दाबत होत्या.

"आजी! हे काय केलं?"

"कल्ला नको करू. झोपून राह्यला तो." त्यांनी मला दटावलं. "थरथर कापत होतं लेकरू. अंगावर वल्लं फडकं ठेवून मारता का त्याले? कोरडं केलं, पांघरून घातलं. आता घाम सुटंन अन् ताप उतरंन."

"त्याला घाम येत नाही आजी! सांगितलं होतं ना तुम्हाला."

"काहून येत नाही?" त्या खऱ्या आश्चर्याने म्हणाल्या. "माणूस हाय ना तो."

मी गोधडी ओढली. तन्मय लाल नव्हता, त्याच्या पलीकडे गेला होता. डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली तर ते माझ्याकडे वळले नाहीत. हाताला जी ऊब लागली तिला ऊब म्हणता येणार नाही. भाकरी उलटताना तव्याला बोट लागतं, तसं झालं. आणि कातडी कोरडी, कागदासारखी कोरडी. पत्रकं वाचून वाढलेली, सभेत माईकशिवाय बोलणारी मी, मला 'पाणी' हा शब्द सापडेना.

जुईने बादली आणली. ओढत, सांडत. मी हात घातला, जे हाती आलं ते अंगावर टाकलं, नाडी बांधली. पुढचं मागचं बघायचं नव्हतं. दुसरी बंडी डोक्यावर, तिसरी मांड्यांवर. जुई तिचा झगा काढून मला देत होती, "आत्या, हा पन, हा पन." रस्त्यावर ऑटो मिळाला. बादली आम्ही ऑटोत घेतली. ऑटोवाला काहीतरी म्हणत होता सीटबद्दल, मग त्याने आरशात पाहिलं आणि वेग वाढवला.

दवाखान्यात त्याचा ताप हळूहळू उतरला. संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि लाडू मागितला. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. नेरच्या आजी बाहेरच्या बाकावर होत्या. मी त्यांच्याकडे गेले ते भांडायलाच गेले होते. शब्द तयार होते.

"माह्या पाची लेकरायचे ताप मी असेच उतरवले बाई," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "गोधडी घालून. घाम आला की पोरगं वाचलं म्हनायचं, असंच माहीत. माह्या मायनंबी असंच केलं." आणि मग पदर तोंडाशी धरून, "मी त्याले मारत होतो का वं?"

मी काय म्हणणार होते? त्यांना जे माहीत होतं ते खोटं नव्हतं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात ते खरं ठरलेलं होतं. आपलं सगळं शहाणपण घामावर उभं आहे, कष्ट घामाचे, ताप उतरतो तो घामाने, आणि माझ्या भाच्याच्या अंगात तोच नाही. पत्रकात जिथे नाव घालायचं त्या जागी त्या दिवशी एक म्हातारी बाई बसलेली होती, पदरात तोंड लपवून. मी तिच्या शेजारी बसले. उरलेला मुक्काम आजींनी तन्मयला हात लावला नाही. तो मांडीवर चढू बघायचा तर म्हणायच्या, "मायजवळ जा बाप्पा," आणि हात मागे घ्यायच्या. मला त्या तापाइतकीच या गोष्टीची भीती वाटते अजून. प्रेम करणारा हात मागे घेतला जातो याची.

तो उन्हाळा गेला. मृग आला, दोरीवरच्या बंड्या पेटीत गेल्या. त्यानंतरचा उन्हाळाही आम्ही घरात काढला. दर वर्षी कापड थोडं जास्त लागतं.

मी हल्ली एक गोष्ट बघते. मोबाईलवर सूचना येते, उष्णतेची लाट आहे, दुपारी घराबाहेर पडू नका. वाचून मी चिडते. कुणाच्या घराबाहेर? जिनिंगमध्ये बायका काम करतात त्यांनी? पत्र्याच्या खोलीत राहतात त्यांनी घरातच थांबायचं का? तन्मयचं अंग आम्हाला सगळ्यांच्या आधी सांगतं की आता फार झालं. इतरांची अंगं उशिरा सांगतात, पण सांगतात. तो काही जगावेगळा नाही. तो फक्त पहिला आहे. हे मला कळल्यापासून माझी भीती कमी झालेली नाही. ती पसरली आहे.

यंदा तो पहिलीत. शाळेतला हा त्याचा पहिला उन्हाळा, सकाळची शाळा असली तरी उन्हाळाच. वर पत्रा. आणि गणवेश टेरिकॉटचा, जाड, गळ्यापर्यंत बटणं. होळीनंतर वहिनी आणि मी हेडसरांकडे गेलो. त्यांनी डॉक्टरांचा कागद वाचला, चुकचुकले. वाईट माणूस नाही.

"काही टेन्शन घेऊ नका. तुमच्या पोराले सूट देऊन टाकतो. त्याले घालू द्या बंडी."

"त्याला एकट्याला नको सर," मी म्हटलं. "वर पत्रा तापतो, अंगात टेरिकॉट. सगळ्याच मुलांना उन्हाळ्यापुरते सुती कपडे चालू द्या ना. आम्ही बेत देतो, पालकांना शिवायला शिकवतो."

हेडसरांनी पेपरवेट फिरवला. "मॅडम, असं सगळ्यायले देलं तर शिस्त काय राहते? वरून विचारते आम्हाले. एकट्याचं बोला, आत्ता करतो."

मी तोंड उघडलं. वहिनीने टेबलाखाली माझा हात दाबला. इतका की बांगडी रुतली. "चालंन सर," ती म्हणाली. "एकट्याचं करा."

बाहेर आल्यावर मी गप्प राहिले नाही. म्हटलं, हीच तर त्यांची रीत आहे, एकाला सवलत द्यायची आणि बाकीच्यांचं तोंड बंद करायचं. उद्या वर्गातली पोरं त्याला चिडवतील. सवलत म्हणजे हक्क नव्हे. मी बरंच बोलले. शाळेच्या फाटकाशी उन्हात उभी राहून बोलले.

वहिनीने डोक्यावर पदर घेतला. ओरडली नाही. "तुझं तत्त्व बरोबर आहे समता. मी नाही म्हणत नाही. पण ते माझ्या पोराच्या अंगावरून नको नेऊ."

रात्रंदिवस जे मूल आपल्या हातातून निसटेल असं वाटत आलं, त्याची आई एका सवलतीला नाही कशी म्हणेल? आणि ती सवलत घेतली की बाकीची पोरं पत्र्याखाली तशीच राहतात, हेही खोटं कसं होईल? मी घरी जाऊन मशीनला बसले. बंड्या शिवल्या.

काल तो पहिल्यांदा गणवेशाशिवाय गेला. आकाशी बंडी अंगात, पांढरी दुसरी ओली करून डब्यात, पाण्याची मोठी बाटली. वर्गाच्या बाईंना सगळं समजावून झालं होतं, तरी वहिनी फाटकाशी उभी राहिली आणि मी तिच्या बाजूला. निळ्या-पांढऱ्या टेरिकॉटच्या गर्दीत ती आकाशी बंडी किती वेळ दिसत होती. मग वर्गाचं दार लागलं. आमच्या हातांना काही काम उरलं नाही. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नसेल.

शाळा सुटली तेव्हा तो पळत आला. पळू नको, पळू नको, दोघी ओरडलो. चेहरा लाल, पण डोळे आमच्याकडे. बंडी ओली, चड्डी ओली, केस ओले, बूटसुद्धा. वहिनीने डबा उघडला. रिकामा.

"पांढरी बंडी कुठाय?"

"सोहमले देली."

"काय?"

"त्याले गर्मी होऊन राह्यली होती. बाई शर्ट काढू देत नव्हत्या. मंग त्यानं शर्टाच्या आतून घातली." त्याला हे फार गमतीचं वाटत होतं. "त्याले म्हटलं उलटी-सुलटी कशीबी घाल."

वहिनी खाली बसली, त्याच्या उंचीला. तिने त्याचे दोन्ही दंड धरले. "अन् तुले लागली असती तर? तू काय केलं असतं?"

"लागली ना," तन्मय म्हणाला. "नळाखाली जाऊन उभा राह्यलो."

"एकटाच?"

"सोहमबी आला. बाई पाहून राह्यल्या होत्या, पन रागावल्या नाहीत."

ती रडेल असं मला वाटलं. किंवा एक चापट देईल. मी बोलायचं नाही असं ठरवून उभी होते, कारण मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची मला लाज वाटत होती. तो नळापर्यंत पोचला नसता तर? नळाला पाणी नसतं तर? सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडून गेलं, न घडलेलं.

घरी आल्यावर वहिनीने त्याला कोरडं पुसलं, पुन्हा ओली बंडी घातली, कूलरसमोर बसवलं. नाडीची गाठ दोनदा सुटली. तन्मय मात्र बोलतच होता. सोहमच्या घरी कूलर नाही, सोहमची लहान बहीण आहे, ती अंगणवाडीत झोपत नाही, रडते, तिलेबी तशी बंडी पाहिजे असं सोहम म्हणते.

वहिनीने पेटीतून मलमलीचा उरलेला तागा काढला आणि फरशीवर पसरला. गुडघे टेकून, कापडावरच्या सुरकुत्या तळहाताने सारख्या करत, मान खाली घालूनच तिने विचारलं,

"केवढी हाय रे ते पोरगी?"

तन्मय उठला. कापडावर पाय पडू नये म्हणून कडेने आला आणि आपल्या छातीशी हात आडवा धरून म्हणाला, "एवढी."